संत्र्याला पडलेली मतं

सगुणाबाई पडद्याआडून बाहेर आली ती मतपत्रिका उघडी धरूनच. पेटीत टाकायच्या आधी तिनं ती मला दाखवली, मग नलिनीला दाखवली. संत्र्यावर एक शिक्का होता आणि वांग्यावर एक.

"दोन्हीवर मारला?" मी विचारलं.

"हाव ना बाई. दोघीबी समोरच बसल्या हा. कोणाचं मन कायले मोडाव?"

नलिनी खळखळून हसली. तिच्यामागे सगळा हॉल हसला. मला हसू आलं नाही. एक तर मत बाद झालं होतं. दुसरं म्हणजे, सगुणाबाई माझ्या वर्गातली होती. तिचा एक शिक्का नलिनीकडे जायचं काही कारण नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. विधानसभेचं इलेक्शन तोंडावर आलं होतं. मी प्रौढ शिक्षणाच्या खात्यात शिक्षिका होते. राहायला नागपुरात, नोकरी कामठीत. रोज बसनं जाऊन-येऊन. माझा वर्ग विडी कामगार बायकांचा होता. दुपारी एका समाजमंदिराच्या ओसरीवर त्या सुपं मांडीवर घेऊन बसायच्या. हातानं विड्या वळायच्या आणि तोंडानं माझ्यामागे अक्षरं म्हणायच्या. वस्ती बहुतेक आमच्याच समाजाची. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हा मिलमध्ये काम करणाऱ्या माझ्या वडिलांनी ठरवून टाकलं की पोरगी शिकणार. त्यामुळे त्या ओसरीवर बसताना मला ती नोकरी वाटायची नाही. या बायकांना मी सही शिकवली होती. त्यांच्या पोरींची नावं शाळेत घातली होती. त्या माझ्या होत्या, असा माझा समज होता.

नलिनी देशकर आमच्याकडे नवीन होती. वडील डॉक्टर, धंतोलीत स्वतःचा दवाखाना. तिला पगाराची गरज नव्हती आणि ते ती मोकळेपणानं सांगायची. मोपेडवर यायची. तिचा वर्ग विणकरांच्या मोहल्ल्यात होता. तिथल्या बायका परक्या माणसासमोर बोलत नसत. निदान मी तिथे वर्ग घ्यायचा प्रयत्न केला होता तेव्हा तरी नव्हत्या बोलल्या. नलिनी गेली आणि महिन्याभरात तिला घराघरांतून जेवायचं बोलावणं येऊ लागलं. जी बोली मी जन्मापासून बोलते, ती नलिनी मोडूनतोडून बोलायची. "मले समजून नाही राहिली" असं काहीतरी चुकीचं म्हणायची आणि बायका कौतुकानं लोटपोट व्हायच्या. मी बरोबर बोलायचे, त्याचं कोणाला काय कौतुक असणार?

आणखी एक गोष्ट सांगते. मला सगळ्या 'बाई' म्हणत. तिला 'नलूताई' म्हणत. माझ्याही वर्गातल्या.

आमचे विस्तार अधिकारी ठवकर साहेब यांनी आम्हा दोघींना ऑफिसमध्ये बोलावलं होतं. मागच्या इलेक्शनला आमच्या भागातल्या बूथवर बायकांची मतं फार बाद झाली होती. बाद मत म्हणजे मोजणीत धरत नाहीत ते. कोणी शिक्क्याऐवजी अंगठा उठवला होता, कोणी सही केली होती. नुकती सही शिकलेली बाई दिसेल त्या कागदावर सही करणार, यात तिचा काय दोष? तर या वेळी बायकांची रिहर्सल घ्या, असं वरून आलं होतं.

साहेब म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. खऱ्या पार्टीचं चिन्ह चुकूनबी नाई पाह्यजे. उद्या कोणी कम्प्लेंट केली तं माझी नोकरी जाईन."

"मग काय ठेवू सर?" मी विचारलं.

"ठेवा ना काहीबी. आलू ठेवा, कांदे ठेवा."

नलिनी म्हणाली, "सर, आलू-कांद्यात कोणाचा जीव अडकत नाही. खऱ्या मतदानासारखं वाटलं पाहिजे ना? आम्ही दोघीच उभ्या राहतो. मी आणि गजभिये मॅडम. दोन्ही वर्ग एकत्र करू."

"वा! हे आयडिया बराबर हाय," साहेब म्हणाले. मी दिलेल्या आयडियाला त्यांनी कधी टेबलावर हात मारला नव्हता. या वेळी मारला. मग जाता जाता म्हणाले, "आणि आयका. सुपरवायझरची जागा भरायची हाय. हे काम जिचं चांगलं दिसन, तिचं नाव मी वर पाठवतो."

सिनिऑरिटीनं ती जागा माझी होती. साहेबांनाही ते माहीत होतं. पण ते नलिनीकडे बघून बोलत होते.

मतपत्रिकेवर नावासोबत चिन्ह लागतं, कारण न वाचता येणारा माणूस चिन्ह बघून मत देतो. आम्ही वर्गातला बाराखडीचा तक्ता काढला. नलिनीनं विचारलं, "तुम्ही कोणतं चित्र घेता?" मी म्हटलं, मला काहीही चालेल. "मग मी संत्रं घेते," ती म्हणाली. नागपूर जिल्ह्यात संत्र्याविरुद्ध उभं राहणं काय असतं, ते मला तेव्हा लगेच कळलं. पण 'काहीही चालेल' म्हणून बसले होते. मला वांगं आलं.

शिक्क्याचंही तसंच. मी आदल्या दिवशी घरी बसून बटाट्यात फुलीचा शिक्का कोरला होता. चांगला उठत होता. नलिनी मात्र सीताबर्डीवरून लाकडी मुठीचा रबरी शिक्का करून घेऊन आली, सोबत जांभळ्या शाईचं पॅड. बायका तो शिक्का हातात घेऊन उलटासुलटा करून बघत बसल्या. माझा बटाटा पिशवीतच राहिला.

तर अशी ती पहिली रिहर्सल. म्युनिसिपालिटीच्या शाळेचा हॉल, सुट्टीचा दिवस. उभ्या केलेल्या खाटेला चादर बांधून पडदा केला, तेलाच्या रिकाम्या डब्याला चीर पाडून पेटी केली. दोन्ही वर्गांच्या बायका आल्या होत्या. निकाल असा लागला की निम्म्याहून जास्त मतं बाद. सगुणाबाईचं बघून पुष्कळ जणींनी दोन्ही चित्रांवर शिक्के मारले. काहींनी एकावरच मारला, पण कागदाची घडी अशी घातली की ओली शाई दुसऱ्या चित्रावर उमटली. उरलेल्या चांगल्या मतांत नलिनी आणि मी सारख्या होतो.

"छान! टाय झाली," नलिनी म्हणाली. मला टाय नको होती. माझ्या वर्गात बायका जास्त होत्या. नीट मतदान झालं तर मी आरामात निवडून येणार, हिशेब सरळ होता. तेव्हा नीट मतदान कसं करायचं ते शिकवायला मी कंबर कसली.

घडीचं काम सोपं होतं. मतपत्रिकेवर उमेदवार एकाखाली एक असतात. ती आधी आडवी मुडपली तर वरच्याची शाई खालच्यावर उमटते आणि मत कोणाला, ते कळत नाही. म्हणून आधी उभी घडी घालायची, मग आडवी. उभ्या घडीत शाई उमटली तरी त्याच उमेदवाराच्या रांगेत उमटते. रोज नवीन तेंदूपत्ता हातात घेऊन त्याला अचूक वळण देणाऱ्या बायका त्या. घडी त्यांना एका दुपारीत जमली.

दोन शिक्क्यांचं काम अवघड निघालं. मला वाटलं होतं, सगुणाबाई भोळेपणानं बोलली. तसं नव्हतं. वर्गात मी खोदून विचारलं तेव्हा ती विडी बांधता बांधता म्हणाली, "बाई, कागदाच्या मांगं नंबर रायते म्हणते. ठेकेदार म्हणे, नंबर पाहून मले समजते, कोणी कोणाले देलं थे. त्याच्या माणसाले नाई देलं तं पत्ता बंद करतो म्हणे."

ठेकेदार म्हणजे विडीचा पत्ता आणि तंबाखू घरोघर देणारा आणि वळलेल्या विड्या परत घेणारा माणूस. त्यानं पत्ता बंद केला की चूल बंद. तो एका उमेदवाराचं काम करत होता.

"म्हणून दोन्हीवर मारता?" मी विचारलं.

"मांगच्या टायमाले समद्याईवरच मारला होता. कोणी इचारलं तं सांगता येते, तुमालेच देलं."

आता मला कळलं की मागच्या वेळी ढीगभर मतं बाद का झाली होती. या बायकांना शिक्का मारता येत नव्हता असं नाही. त्या घाबरल्या होत्या. मग मी आठवडाभर एकच गोष्ट शिकवली. मी स्वतः इलेक्शन ड्यूटी केलेली होती. पडद्याआड तुमच्यासोबत कोणी येऊ शकत नाही, नवरा नाही, ठेकेदार नाही, पोलीस नाही. कोणत्या नंबरचा कागद कोणाला दिला, ती नोंद सीलबंद ठेवतात, ठेकेदाराला ती बघायला मिळत नाही. पेटीलाही सील असतं. मोजताना पेटीतले सगळे कागद एका ठिकाणी ओततात, कोणता कोणाचा ते देवालाही सांगता येत नाही.

"तुमी पायलं काय डोयानं?" सगुणाबाईनं विचारलं.

"पायलं ना. म्या सोता ओतले हा. आणि बाहेर आल्यावर कोणीबी इचारलं तरी सांगाचं नाई. नवऱ्याले नाई, ठेकेदाराले नाई. कोणाचं मन राखाची गरज नाई. मनात येईन त्यालेच द्या."

तो माझा वर्ग चांगला रंगला होता. त्या आठवड्याइतकं चांगलं मी कधी शिकवलं नसेन. नलिनी तिच्या मोहल्ल्यात काय शिकवत होती, मला माहीत नाही. ऐकलं ते असं की तिच्या बायका हसून हसून दमल्या.

दुसरी रिहर्सल त्याच हॉलमध्ये झाली. या वेळी ठवकर साहेब स्वतः बघायला आले होते. बायका रांगेत उभ्या राहिल्या. बोटाला शाई, हातात मतपत्रिका, पडद्यामागे शिक्का, उभी घडी, आडवी घडी, पेटी. कोणी कागद उघडा आणला नाही. सगुणाबाईनं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पेटीकडे गेली. मला फार समाधान वाटलं.

डबा मी उघडला. कागद सतरंजीवर ओतले, हातानं मिसळले. साहेब खुर्ची ओढून बसले. एकेक घडी उलगडत गेले. एकही मत बाद नव्हतं. संत्रं, संत्रं, वांगं, संत्रं, वांगं, वांगं, संत्रं. दोन गठ्ठे झाले. संत्र्याचा जाड होता.

मी पुन्हा मोजलं. नलिनी म्हणाली, "राहू द्या ना मॅडम, रिहर्सल तर आहे." जिंकलेल्या माणसाला असं म्हणता येतं. मी तिसऱ्यांदा मोजलं.

"बहोत बढिया," ठवकर साहेब म्हणाले. "एकबी बाद नाई! अभिनंदन नलिनी मॅडम." मग माझ्याकडे वळून, "तुमचंबी."

परतीच्या बसमध्ये मी एकच हिशेब करत होते. तिच्या वर्गातल्या सगळ्या बायकांनी संत्र्याला मत दिलं असं धरलं तरी तिची मतं जास्त होत होती. म्हणजे माझ्यातल्या काही जणी फुटल्या होत्या. कोण? ज्यांचा मी हात धरून 'ग' गिरवून घेतला होता, त्यांच्यातली कोण? काहून? तिनं काय दिलं होतं त्यांना? मोपेडवरून येऊन हसून जायची, एवढंच ना? घरी गेले तरी तेच डोक्यात. भाजीला वांगी होती. मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले तेव्हा तक्ता काढला नाही. पहिलीला विचारलं, "खरं सांग वं, कोणाले देलं?"

"तुमालेच बाई. आणखी कोणाले देऊ?"

दुसरीला विचारलं. "तुमालेच." तिसरी म्हणाली, "हे काय इचारनं झालं बाई? तुमालेच!" मी सगळी ओसरी फिरले. सगळ्यांनी मला मत दिलं होतं. त्यांच्या सांगण्याची बेरीज केली तर मी मोठ्या फरकानं निवडून आले होते.

शेवटी राहिली सगुणाबाई. ती दोरा दातांत धरून विडी बांधत होती.

"आणि तुमी, सगुणाबाई?"

तिनं दोरा तोडला. विडी सुपात टाकली. "म्या नाई सांगत."

"काहून?"

"तुमीच तं सांगतलं, कोणाले सांगाचं नाई म्हणून."

"मले सांगाले काय होते? म्या काय ठेकेदार हाव काय?"

"नाई," ती म्हणाली. "पण पाहा ना बाई. कागद तुमच्या घरचे. पेटी तुमीच उघडली. ओतले तुमी, मोजले तुमी, तीन-तीनदा मोजले. इतक्या शिकल्या हा. आन् तरीबी तुमाले समजून नाई राह्यलं, कोणी कोणाले देलं. दारोदार इचारत फिरून राह्यल्या." मग ती बाकीच्यांकडे वळली. "बाईले नाई समजलं वं. तं त्या ठेकेदाराले काय समजते?"

ओसरीवरचे सगळे हात थांबले. सुपातली सळसळ बंद झाली. मग एक जण हसली, दुसरी हसली, आणि सगळ्या मोठमोठ्यानं हसत सुटल्या. एक म्हातारी तर डोळे पुसत म्हणाली, "हाव ना वं माय! बाईचं तोंड पाहा ना कसं झालं!"

मी आठवडाभर जे समजावत होते, ते त्यांना त्या क्षणी पटलं. त्यांच्या डोळ्यांसमोर मी जळत होते. कोणी कोणाला मत दिलं ते कळावं म्हणून जीव टाकणारं माणूस त्यांच्या पुढ्यात होतं आणि त्याला काही कळत नव्हतं. शिक्षिका म्हणून याहून चांगलं काय असू शकतं? पण खरं सांगायचं तर मला ते अजिबात आवडलं नाही. मी तक्ता काढला आणि जोडाक्षरं घेतली.

मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी त्याच भागात लागली नाही, दुसरीकडे लागली. पुढचं मला वर्गात कळलं. बायका घोळक्यानं गेल्या होत्या. ठेकेदार बूथबाहेर रस्त्याच्या पलीकडे पानठेल्यावर उभा होता. नंतर विड्या घ्यायला बसला तेव्हा तो एकेकीला विचारत होता, "कोणाले देलं?" आणि एकेक जण सांगत होती, "तुमी सांगतलं त्यालेच ना भाऊ." निकाल लागला, त्याचा माणूस पडला. आमच्या बूथवर तर त्याला फारच कमी मतं होती. ठेकेदार दोन-तीन दिवस तणतणला. सगळ्यांचा पत्ता बंद केला तर विड्या कोण वळणार, आणि काहींचाच बंद करायचा तर कोणाचा? त्यानं कोणाचाच बंद केला नाही. त्याच्या तोंडाचं वर्णन सगुणाबाईनं वर्गात करून दाखवलं. फार हुबेहूब केलं. मला कुठेतरी बघितल्यासारखं वाटलं, म्हणून मी विषय बदलला.

बाद मतं जवळजवळ नाहीशी झाली होती. ऑफिसमध्ये ठवकर साहेबांनी वर पाठवायचा रिपोर्ट आम्हाला वाचून दाखवला. 'श्रीमती देशकर यांच्या कल्पकतेमुळे' असं त्यात होतं. नलिनी म्हणाली, "सर, हे बरोबर नाही. भीती घालवली ती गजभिये मॅडमच्या वर्गानं. माझ्या मोहल्ल्यात मी त्यांचंच ऐकून सांगितलं. त्यांचं नाव आधी लिहा." साहेबांनी खोडून लिहिलं. माझं नाव आधी आलं. तेही तिच्या सांगण्यावरून आलं, हे मला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं!

सुपरवायझरची जागा तिला मिळाली. पुढे पुष्कळ वर्षं मी तिच्या हाताखाली काम केलं. तिनं कधी रजा नाकारली नाही, कधी आवाज चढवला नाही. बायका मला शेवटपर्यंत 'बाई' आणि तिला 'नलूताई' म्हणत. आता आम्ही दोघीही रिटायर झालो आहोत. ती मला दिवाळीला फोन करते. त्या वेळी माझ्या वर्गातल्या किती जणींनी आणि कोणी कोणी तिला मत दिलं, हे तिलाही माहीत नाही. मी विचारलं आहे.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत प्रत्येक इलेक्शनआधी मी बायकांची रिहर्सल घेतली. नवीन शिक्षिकांनाही शिकवली. उभी घडी, आडवी घडी, मग गुप्ततेचं सगळं. उमेदवार म्हणून पाट, उलथनं, चाळणी उभी केली. माणूस मात्र पुन्हा कधी उभा केला नाही. निकाल लागल्यावर उलथनं दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन कोणाला काही विचारत नाही.